न मारलेला फटका

बेल वाजली म्हणून त्याने दार उघडलं तर समोर दादा उभा. दादा म्हणजे सख्खा, समोरच्याच दारातला. दोन दारांच्या मध्ये एक लिफ्ट, एक सुकलेली कुंडी आणि बाबा गेल्यापासूनचा अबोला. दादाने टी-शर्ट पँटमध्ये खोचलेला, पायात पांढरे बूट, आणि काखेत ते पॅडल. ज्याच्या आवाजाने गेले कित्येक महिने ह्याची रोजची सकाळ नासत होती, तेच. ह्याच्या खिडकीखालीच पिकलबॉलचं, त्या छोट्या टेनिसचं, कोर्ट. टॉक. टॉक. टॉक टॉक. भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू आणि त्याच्यामागे जीव तोडून धावणारी चार रिकामटेकडी माणसं. शेवटी ह्याने इमारतीच्या कमिटीकडे अर्ज केला होता, दारोदार फिरून सह्या घेतल्या होत्या, फक्त समोरच्या दाराला गेला नव्हता. कमिटीने मधलाच मार्ग काढला. कोर्ट बंद नाही, पण रविवारपासून मऊ आवाजाचंच पॅडल चालेल. ज्याचं कर्कश वाजेल त्याने गपचूप घरी बसायचं.

"पहिली सही तुझी आहे," दादा म्हणाला. गरजेपेक्षा मोठ्याने.

"असेल."

"काय?"

"असेल म्हटलं."

"मग चल. कपडे कर. तुझ्या कानाला कुठलं पॅडल चालतं ते तूच ये आणि सांग. मी काहीतरी घेऊन येणार, तू परत नाक मुरडणार, परत सह्या गोळा करत हिंडणार. मला तो तमाशा नको."

मागे समोरच्या दारात वहिनी येऊन उभी होती. तिने हात जोडल्यासारखं केलं आणि आवाज न काढता ओठांनीच म्हणाली, "भावजी, जा ना." तिच्या ओठांनी बोलण्यात सराव दिसत होता. रोज बोलावं लागत असल्यासारखा.

त्याने दार लावून घ्यायला हवं होतं. लावलंही असतं. पण ते 'काय' मध्ये आलं. दिवसभर तो हेच ऐकत असतो. त्याचं काम म्हणजे लोकांचे कान तपासायचे आणि त्यांना यंत्र बसवून द्यायचं. लक्ष नसल्याचं 'काय' वेगळं असतं, राग आलेल्याचं वेगळं, आणि हे तिसरं, जे म्हणताना माणूस आधी समोरच्याच्या तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो. दादाने आधी ह्याच्या तोंडाकडे बघितलं होतं. ह्याला आत कुठेतरी गार वाटलं. खोटं कशाला बोला, बरं वाटलं. तसं त्याला आजच कळलं असं नव्हतं, खिडकीतून आधीच अंदाज आला होता. पण दादा आपल्या पायांनी चालत दारात येईल आणि ते 'काय' ताटात वाढल्यासारखं समोर ठेवेल, हे त्याने स्वप्नातही मागितलं नसतं. त्याने शर्ट बदलला.

गाडी दादाच चालवत होता. गेटमधून वळताना त्याने उजवीकडचा इंडिकेटर लावला आणि तो तसाच राहिला. टिक, टिक, टिक. सरळ रस्ता, टिक, टिक, टिक. मागचे लोक हॉर्न मारत होते, एक जण खिडकीतून हात काढून काहीतरी बोलून गेला, आणि दादा म्हणाला, "लोकांना गाडी चालवायची अक्कल नाही." ह्याने मान हलवली. सांगितलं नाही. एक शब्द पुरला असता, नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. पण तो मांडीवर हात ठेवून ती टिकटिक ऐकत बसला. बारीक, वरच्या पट्टीतली टिकटिक. हीच पट्टी पहिली जाते. पाखरं जातात, इंडिकेटर जातो, मग बायका आणि पोरं, आणि सगळ्यात शेवटी ज्यांचा आवाज मुळातच नको असतो ते. हे तो रोज तपासायला आलेल्यांना हसत हसत सांगतो, म्हणजे ते जरा सैलावतात. दादाला सांगायची गरज त्याला वाटली नाही.

त्याचा स्वतःचा डावा कान लहानपणापासून वाजतो. शीळ. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी बारीक वाफ सुटते, तशी, आणि ती थांबत नाही. दादा त्याला गणितं शिकवायचा. बाबांनीच ते काम लावलं होतं, दादा हुशार म्हणून आणि हा ढ म्हणून. हा टेबलाशी बसायचा, दादा मागे उभा राहायचा. समोर भिंत, भिंतीला टेकलेली वही. चुकलं की मागून थप्पड यायची. उजव्या हाताची असूनही नेहमी डाव्या कानावर बसायची, कारण दादा वाकून बघता बघता उलट्या हाताने मारायचा. लागण्यापेक्षा वाईट होतं ते थांबणं. उत्तर लिहून झालं की मान आपोआप कडक व्हायची, कानामागची जागा आधीच तापायची, आणि मागे काही हलतंय का ते ऐकायचा तो. बाही घासली का, श्वास आत ओढला का. काही वेळा यायचीच नाही. दादा नुसता उभा असायचा. "पुढचं कर, बारक्या." ते सगळ्यात वाईट. आई आतून म्हणायची, "मारू नको रे त्याला." बाबा म्हणायचे, "शिकवतोय तर मारेलच थोडं." एकदा लागली ती जरा जास्त लागली आणि शीळ सुरू झाली, आणि त्याने कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायला गेलं तर आधी गणित का चुकलं हे सांगावं लागलं असतं. पुढे त्याने जो धंदा धरला त्याला लोक योगायोग म्हणतात. दादा सगळ्यांना सांगत सुटायचा, "आमचा बारक्या बहिऱ्यांचं दुकान चालवतो."

आणि आता कोर्टावर रोज भांडण. ह्या खेळात चेंडू मारायच्या आधी स्कोर ओरडून सांगायचा असतो, आपले किती, त्यांचे किती. कोर्ट मोकळ्यावर, वारा, चौघांची बडबड, आणि दादा चुकीचा स्कोर सांगायचा. आधी लोक हसले. मग कुजबुजले. मग एका सकाळी एक जण सरळ बोलला, "काका, वयाचा मान ठेवतो, पण तुम्ही चीटिंग करता." दादा म्हणाला, "काय?" तो परत ओरडला, "चीटिंग!" दादाने पॅडल जाळीवर आपटलं. "बापाला शिकव!" तेव्हापासून दादाबरोबर जोडी करायला कोणी तयार नसायचं, तो बाकावर बसून राहायचा आणि कोणी कमी पडलं तरच त्याला घ्यायचे. त्या सकाळी हा वर खिडकीत चहा घेऊन उभा होता. सगळं ऐकलं त्याने. ह्याला ऐकू येत नाही रे, एवढंच वरून ओरडायचं होतं. तिथे फक्त त्यालाच ते माहीत होतं. त्याने खिडकीची अर्धी लोटलेली काच पूर्ण सरकवली, नीट ऐकू यावं म्हणून. चहा छान झाला होता.

दुकानात एक अख्खी भिंत पॅडलांची. काळी, राखाडी, भगभगीत गुलाबी. जाहिरातीतल्या दातांसारखी ओळीने. दुकानदाराच्या कोपराला पट्टा बांधलेला आणि तोंडाला चाप नाही. "ह्या साइडला फायबर, पॉवर पाहिजे तर. त्या साइडला कार्बन, कंट्रोलला. आत सगळ्यांच्या जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी, ती जाड असली की चेंडू पॅडलवर बसतो. पातळ असली की उडतो. कुठल्या लेव्हलला खेळता सर?"

"आवाज कमी पाहिजे," दादा म्हणाला.

"म्हणजे जाड. कसंय, हल्ली सगळीकडे तेच चाललंय. वर कोणीतरी एक खडूस राहतोच, ज्याची झोपमोड होते."

"हा बघा," दादाने ह्याच्याकडे अंगठा केला. "भाऊ माझा."

दुकानदार एकटाच हसला.

मग बराच वेळ पॅडलं हातात घेऊन झाली. दादा प्रत्येक उचलायचा, मनगटावर तोलायचा, हवेत फिरवायचा. हे पुढे जड, हे मुठीत लहान, ह्याची ग्रिप चिकट. दुकानदार एकावर दुसरं काढत होता. कोपऱ्यात छताला दोरीने एक चेंडू टांगला होता, मारून बघायला. दादाने एक फटका मारला, कान तिरका केला, आणि दुकानदाराकडे बघितलं. दुकानदार म्हणाला, "मऊ आहे ना?" दादा म्हणाला, "मऊ आहे." दुसरं घेतलं. परत दुकानदाराकडे बघितलं. शाळेत शेजारच्याच्या पेपरात बघणारा पोरगा बघतो तसं. ह्याला ते बघवेना, आणि सोडवेनाही.

"असं नाही होणार, दादा," तो म्हणाला. "बघून घेतलं की माणूस रंगावर जातो. तू तिकडे तोंड कर. मी मागून मारतो एकेक. पसंत पडलं तर हात वर कर."

दादाने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "तुझ्या दुकानात असंच करतात का?"

"असंच."

"बरं," दादा म्हणाला आणि वळला.

त्याच्या दुकानातल्या तपासणीच्या आवाजबंद खोक्यात माणूस कानाला हेडफोन लावून बसतो आणि आवाज आला की बटण दाबतो. नव्वद टक्के लोक प्रामाणिक असतात. उरलेले लाजतात. काहीच ऐकू आलं नाही तरी अंदाजाने दाबतात, नापास होऊ नये म्हणून. अशांसाठी एक साधी युक्ती असते. मध्येच आवाज द्यायचाच नाही. नुसतं थांबायचं. दाबलं बटण की कळतं. मात्र आपला हात त्यांना दिसता कामा नये, खांदासुद्धा नाही, काचेत सावलीसुद्धा नाही. ती सवय त्याच्या हाडात मुरली होती. त्याने आधी दुकानाभोवती नजर फिरवली. बूट बघायचा एक तिरका आरसा होता, तो त्याने पायाने भिंतीकडे फिरवला. खिडकीवर जाहिरात चिकटवलेली, म्हणजे काच नाही. दादाच्या समोर गल्ला आणि गल्ल्यावर कोपर टेकून मजा बघणारा दुकानदार. ठीक. दादाची मान त्याला पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसत होती. मागचे केस पिकलेले, न्हाव्याने वेडेवाकडे कापलेले. कान मोठे झाले होते. बाबांचे शेवटी झाले होते तसे. ह्याच्या मनात आलं, इथे मी कधीच उभा नव्हतो. इथून सगळं फारच सोपं दिसतं. माणूस केवढा उघडा असतो इथून.

"एक," तो म्हणाला आणि फायबरचं मारलं. टॉक.

"हे नको. माझंच आहे हे."

"दोन." पातळ कार्बन. टक्.

"नको."

तिसऱ्याला त्याने नंबर सांगितला नाही. बराच वेळ थांबला आणि मारलं, जाड होतं, थप. दादाचा हात वर. "बरं आहे. ठेव बाजूला." चौथं त्याने मुद्दामच हळू मारलं. आता तो पॅडल बघतच नव्हता, त्याला पट्टी सापडली होती, आवाज उतरवत चालला होता, खोक्यात उतरवतो तसा. टप. हात वर. त्याला आश्चर्य वाटलं. पाचव्याने चेंडूला नुसता स्पर्श केला, दोरीच जरा कुरकुरली असेल. हात वर. हे शक्य नव्हतं. एवढं तर त्याच्या स्वतःच्या चांगल्या, उजव्या कानालाही आलं नव्हतं. म्हणजे हा बहिरा नाहीच? म्हणजे सगळा अंदाज चुकला, त्या 'काय'चा, इंडिकेटरचा, स्कोरचा? म्हणजे हा खरंच चीटिंग करतो? आपण इतके दिवस जे जपून ठेवलंय ते काहीच नाही? त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या माणसाने त्याला आयुष्यभर मागून मारलं, आणि आता पाठ फिरवूनही हाच जिंकणार.

सहावं राखाडी होतं, सगळ्यात जाड. त्याने ते पूर्ण मागे नेलं, खांद्यापासून, जोरात आणलं आणि चेंडूच्या अलीकडे थांबवलं. चेंडू दोरीला हललासुद्धा नाही. डाव्या कानात शीळ. दादाची मान ताठ होती, कानामागची कातडी किंचित लाल. तो वाट बघत होता. हाही वाट बघत होता.

दादाचा हात वर गेला. सावकाश, वर्गात उत्तर येत नसणाऱ्याचा जातो तसा.

"हे," दादा म्हणाला. "हेच दे."

सापडला. त्याला ओरडावंसं वाटलं. त्याने पॅडल गल्ल्यावर ठेवलं. दुकानदार तोंड उघडून म्हणत होता, "पण सर, हे तर तुम्ही—" ह्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला आणि खोकं शोधायला लागला. पिशवी देताना मात्र राहवलं नाही त्याला. "कानाने पॅडल घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं. तयार कान आहेत हां, सर, तुमचे!"

दादाने त्याच्या तोंडाकडे बघितलं. "हो," म्हणाला.

गाडी दुकानाच्या मागच्या बाजूला लावली होती. एक लांबच लांब भिंत, गिलावा न केलेली, आणि दुसरं कोणी नाही. दादाने किल्ली काढली, पण दार उघडलं नाही.

"शेवटचं मारलंच नाहीस तू."

त्याने गाडीच्या दाराची मूठ ओढून बघितली, दार बंदच होतं.

"पहिली दोन मी ऐकली. खरंच ऐकली. पुढची त्या दुकानदाराच्या पापण्यांनी ऐकवली. तू मारलंस की लवायच्या. हळू मारलंस तरी लवायच्या. बोलतो जास्त, पण पापण्या प्रामाणिक आहेत बिचाऱ्याच्या. शेवटच्या वेळी लवल्या नाहीत."

ह्याने आरसा फिरवला, काच बघितली, खिडकी बघितली. समोर एक माणूस उभा आहे आणि त्याला डोळे आहेत, हे सुचलं नाही. त्याच्या खोक्यात दुसरं कोणी नसतंच कधी.

"मग हात कशाला वर केलास?"

"तुला बघायचं होतं ना, मी करतो का ते. घे, केला." दादाने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मूर्ख मी. पॅडलचं निमित्त करून आलो तुझ्याकडे. तुझ्या त्या खोक्यात बहिऱ्यांच्या रांगेत बसायची लाज वाटत होती. म्हटलं, घरचा आहे, धंदाच आहे त्याचा, ओळखेल. बाजूला घेऊन हळूच सांगेल काय करायचं ते. कधी ओळखलंस?"

"आजच."

"खोटं बोलू नको. तोंड वाचता येतं मला आता. स्कोरवरून मला चोर म्हणाले त्या दिवशी खिडकी उघडी होती तुझी. मी वर बघितलं होतं. कप होता हातात."

ह्याने खाली बघितलं. बुटाजवळ तेलाचा डाग होता. त्या डागाकडे बघत, इतकी वर्षं जे बोलायचं होतं ते तो बोलला, भराभर, आवाज न चढवता. माझा डावा कान तू फोडलास, दादा. गणित चुकलं म्हणून. अजून वाजतो. आत्ताही वाजतोय.

"काय?" दादा म्हणाला. "वर बघून बोल."

त्याने वर बघितलं. तोंड उघडलं. परत बोलता आलं असतं, तीच दोन-तीन वाक्यं. पण एकदा बोलून झालं होतं, आणि परत बोलायचं म्हणजे ओठ हलवून, शब्द सुटे करून, तपासायला आलेल्या म्हाताऱ्यांशी बोलतो तसं, समजुतीने बोलावं लागणार होतं.

"काही नाही," तो म्हणाला.

दादा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, अजून काही हलेल म्हणून. मग त्याने डिकी उघडून चेंडू काढला. पिशवीतून पॅडल काढलं, वरचा प्लास्टिकचा कागद फाडला, कागद खाली टाकला. राखाडी, जाड, कोणीही न वाजवलेलं पॅडल.

"फिर," म्हणाला.

"काय?"

"फिर म्हटलं. पाठ कर. तू कर म्हटलंस तर मी केली ना? आता तू. ऐकू आलं की हात वर कर, बारक्या."

वेडेपणा होता. गाडीत बसायला हवं होतं, नाहीतर रस्त्यावर जाऊन रिक्षा पकडायला. पण अंग त्याच्या आधी वळलं. समोर भिंत आली, विटा आणि विटांच्या मधलं खरबरीत सिमेंट. आरसा नाही, काच नाही, कोणाच्या पापण्या नाहीत. मान आपोआप कडक झाली आणि कानामागची ती जुनी जागा तापायला लागली, जणू ती इतकी वर्षं थंड झालीच नव्हती. बाही घासली का? श्वास आत ओढला का? त्या पॅडलला आवाज कमी, म्हणून तर घेतलं होतं. मारून झालं असेल. मारायचं असेल. चेंडूवरच मारणार आहे कशावरून? किंवा दादा मागे नसेलच, कागदावर पाय न देता निघून गेला असेल, किंवा नुसता उभा असेल, जसा उभा राहायचा. डावीकडे शीळ एवढी मोठी झाली की उजवीकडचंही काही येईना. हात वर करावा का? न ऐकता केला तर? नाही केला आणि वाजून गेलं असेल तर?

"मारलंस का?" त्याने विचारलं.

उत्तर आलं नाही. त्याने परत विचारलं, मोठ्याने, शब्द सुटे करून, ओठ नीट हलवून. भिंतीला.